बाईंचं बोट वर झालं की अक्षर बदलायचं

मी हलिमाबाई सोलकरांचा विद्यार्थी नव्हे. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत बाईंकडे मराठी शिकलेलं एखादं तरी माणूस सापडतं, आणि बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं असेल. मी बाईंच्या हाताखाली आलो तो चांगला बाप्या झाल्यावर, दोन मुलांचा बाप आणि एका कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक असताना. त्यामुळे माझ्या वाट्याला छडी आली नाही, बोट आलं. त्या बोटाविषयीच लिहायला बसलोय आणि लिहिताना धास्तावलोय, हेही सांगून टाकतो. कारण गेल्या वर्षापासून बाई वाचत नाहीत, ऐकतात. समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी माझी पत्नी सुनंदा हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे. ती जिथे अडेल तिथे बाईंचं बोट वर होणार.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई निवृत्तीनंतर आमच्या खाडीकाठच्या वाचनालयाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. आपली माणसं मस्कतला, कुवेतला, बोटीवर, मुंबईला. त्यांना गावची खबरबात आणि चार चांगल्या गोष्टी मराठीत वाचायला मिळाव्यात, म्हणून वाचनालयाची वेबसाईट काढायचं बाईंच्या मनात आलं. काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून केलं. फिकट राखाडी रंगाची नाजूक, सडपातळ अक्षरं आणि मागे समुद्राचा फोटो! कार्यकारिणी 'वा वा' म्हणाली. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुपारची वेळ, सुरमईचं जेवण झालं असेल, लागली डुलकी.

"आप्पा, वाचा," बाई म्हणाल्या.

आप्पा म्हणजे आमचे निवृत्त एसटी कंडक्टर. रोज सकाळी वाचनालयाच्या पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं वर्तमानपत्र वाचायचे. त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडले. खुर्चीच्या हातावरचं बाईंचं बोट वर झालं. पुढच्या ओळीत पुन्हा अडले, पुन्हा बोट. मी म्हटलं, "आप्पा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." तेव्हा बाईंनी डोळे उघडले.

"आप्पांचं वाचन मला ठाऊक आहे. अडतंय ते तुमचं अक्षर."

"बाई, सध्या असाच ट्रेंड आहे."

"ट्रेंडला वाचता येतं काय?"

आप्पा इतके हसले की त्यांना चहाचा ठसका लागला. मी घरी आलो तो तणतणतच. "त्या म्हातारीला फॉन्टमधलं काय कळतंय!" असं म्हणालो. (सुनंदा, हे वाक्य गाळू नकोस. बाईंना माहीत आहे.) सुनंदा भाजी चिरत होती. ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला मोबाईलवर दाखवलंत ना ते, तेव्हा मी नुसती मान हलवली. मलापण वाचता आलं नव्हतं ते."

सुनंदाचं माहेर संगमेश्वरकडचं. शाळा सातवीनंतर सुटली. चारचौघांत वाचायची वेळ आली की ती काहीतरी काम काढून आत निघून जायची. पुढच्या भेटीत मी सहज हे बाईंना सांगितलं. बाई एकदम ताठ बसल्या. "त्यांना घेऊन या," म्हणाल्या. सुनंदा कशीबशी आली आणि पायरीवरच उभी राहिली. "मला नाही जमायचं हो बाई, मी अडखळते."

"अगो, तेच तर हवंय मला!" बाई म्हणाल्या. "घडाघडा वाचणारा कसल्याही अक्षरातून वाट काढतो. तू जिथे अडशील ना, तिथे दिवसभर राबून खोलीवर आलेला माझा मस्कतचा पोरगा अडेल. ये, बस इथे."

त्यानंतरच्या दुपारी आठवल्या की आजही बरं वाटतं. पडवीत खाडीवरचा वारा, कोकम सरबताचे पेले, डोळे मिटून बसलेल्या बाई, मोबाईल हातात धरून वाचणारी सुनंदा आणि लॅपटॉपवर फॉन्ट बदलून बदलून घायकुतीला आलेला मी. एका फॉन्टचे उकार इतके बारीक की नजरेतून सुटायचे. एकात जोडाक्षरांची दाटी व्हायची. एकात तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडायचे. "ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात, त्यांना लांब करा," बाई डोळे न उघडता सांगायच्या. मी थक्क व्हायचो. न बघता कसं कळतं? पण आयुष्यभर मुलांचं वाचन ऐकलेला तो कान होता. मूल शब्दाला अडलंय की अक्षराला, हे त्यांना आवाजावरून समजायचं.

पडवीत पास झालेलं अक्षरही बाईंना पुरेसं वाटेना. "कापड काय दुकानातल्या दिव्यात बघून घेतात? उन्हात नेऊन बघतात." झालं, भर दुपारी छत्री घेऊन बाई मिरकरवाड्याच्या जेट्टीवर, मागून आम्ही दोघं. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका खलाशाच्या हातात बाईंनी मोबाईल दिला. त्याने वर हाताची सावली धरली, मोबाईल आडवा करून पाहिला आणि परत दिला. "बाई, काय दिसत नाय." आल्या पावली परत! राखाडी रंग गेला, काळाभोर आला. समुद्राचा फोटो गेला, पांढरी पाटी आली. अक्षर जाड झालं, मोठं झालं. मग मस्कतहून एका जुन्या मोबाईलच्या स्क्रीनचा फोटो आला. त्यावर आमच्या जोडाक्षरांचे तुकडे पडलेले. पुन्हा नवा फॉन्ट, पुन्हा पहिल्यापासून. माझं डोकं फिरायची वेळ आली होती, खोटं कशाला बोलू?

एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, एवढा अट्टहास कशासाठी?" बाईंचे यजमान जहाजावर नोकरीला होते. ते आता हयात नाहीत. "बोटीवरचा दिवा मिणमिणता असायचा," बाई म्हणाल्या. "ते म्हणायचे, सगळ्यांची पत्रं उजाडेपर्यंत ठेवावी लागतात, तुझं तेवढं लगेच वाचता येतं. मी अक्षर मोठं आणि मोकळं काढायची ना. दूर असलेल्या माणसाला वाचायला तरी कष्ट पडू नयेत, बाबा." आणि पुढचं अक्षर ऐकायला त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मला बाईंबद्दल फार माया वाटली आणि पुढे फॉन्ट बदलायला मी कधी कुरकुर केली नाही.

अखेर साधंसुधं, ठसठशीत असं एक अक्षर ठरलं. साईट सुरू झाली आणि कुवेतहून बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाईलवर आला, "बाई, चष्मा न लावता वाचलं हो मी!" बाईंनी तो आवाज आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवला. आप्पांना तर दोनदा. आप्पा आज आपल्यात नाहीत. हा ग्रंथ त्यांनी पडवीत मोठ्याने वाचला असता.

बाईंनी माझ्या घरासाठी जे केलं, ते त्यांना सांगितलं तर त्या "काहीतरीच हां!" म्हणून उडवून लावतील. त्यांनी सुनंदाला कधी चारचौघांत दुरुस्त केलं नाही. ती अडली की बोट वर व्हायचं, आणि दोष माझ्या फॉन्टच्या नावावर जमा व्हायचा. काही वेळा तो फॉन्टचा नसायचा, हे मलाही कळायचं आणि बाईंनाही. पुढे वाचनालयाच्या वार्षिक सभेत बाईंनी अहवाल वाचायला सुनंदाला उभं केलं. बाई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. मी अहवाल ऐकलाच नाही, त्या बोटाकडे बघत होतो. ते हललंसुद्धा नाही. घरी आल्यावर सुनंदा पोटभर रडली आणि मग तिने शिरा केला.

बाईंना आता अक्षर दिसत नाही. खाडी दिसते, दारात आलेलं माणूस दिसतं, पण जिथे नजर रोखावी तिथेच काळोख होतो. ही बातमी बाईंनी आम्हाला चहा पिता पिता दिली, यंदा आंबा कमी आहे म्हणून सांगावं तशी. तेव्हापासून रोज दुपारी सुनंदा त्यांच्याकडे वाचायला जाते. या ग्रंथाचा टाईप ठरत होता तेव्हा बारीक अक्षर घेतलं तर जास्त लेख मावतील, असं कोणीतरी सुचवलं. "नाहीतरी बाईंना..." असं म्हणून ते गृहस्थ एकदम थांबले.

"बोला की," बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही म्हणून अक्षर कसंही लावाल? पुस्तक माझ्यावर आहे, पण वाचणार गावच ना!" मग नमुन्याची पानं आली, सुनंदाने वाचली, बाईंनी डोळे मिटून ऐकली, बोट तीन-चार वेळा वर झालं आणि टाईप ठरला. आपण आत्ता वाचताय, ते अक्षर बाईंनी निवडलेलं आहे.

काल रात्री सुनंदाने हा मजकूर मला वाचून दाखवला. मी बाईंसारखे डोळे मिटून, बोट तयार ठेवून बसलो होतो. म्हातारीचं वाक्य तिने हसत हसत वाचलं, जेट्टी वाचली, आप्पा वाचले. कुठेही अडली नाही. आणि मग एका जागी थांबली ती थांबलीच. सवयीने माझं बोट वर झालं. "काय गो, अक्षर लागत नाही?" मी विचारलं.

"अक्षर चांगलं स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी उठून पाहिलं. 'बाईंना आता अक्षर दिसत नाही' या ओळीवर तिचा अंगठा होता.

बाई, तुम्ही शंभरी पार करा. तब्येत अशीच ठणठणीत राहो, कान असाच तिखट राहो, आणि पडवीतल्या तुमच्या खुर्चीशेजारी रोज दुपारी कोणीतरी पुस्तक उघडून बसलेलं असो. आमच्या चुकांवर तुमचं बोट खुशाल वर होऊ द्या, आम्ही अक्षर बदलत राहू. फक्त सुनंदा त्या ओळीपाशी थांबली, तर तेवढं बोट वर करू नका.