डॉक्टरला न सांगितलेल्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वसतिगृहातल्या मित्राला नाही, आईला तर नाहीच. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला — दर वेळी चार ओळींतच मी स्वतःला बिचारा करून टाकायचो. त्याचीच चीड येते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत बोरीला थोरल्या बहिणीकडे गेलो, तर दाजी थट्टेनं म्हणाले, "या, डागदरसाहेब." मी हैदराबादला इंटरला सायन्स शिकत होतो, एवढंच. पण ते मी खोडून काढलं का? आवडलं मला.

अक्काची चंपा चार वर्षांची. तिला ताप होता, पाय दुखत होते. माझ्याकडे हैदराबादहून आणलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या होत्या. डोकं दुखलं की मी घेतो तेवढ्याच तिला दिल्या — एका वेळी दोन, दिवसातून चारदा, मधात कुस्करून. लहान मुलाला किती द्यायच्या, ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं ना?

तिसऱ्या दिवशी पोर ओकायला लागली. कानात काहीतरी वाजतंय म्हणायची. मग धाप — निजल्या जागी, पळून आल्यासारखी. अक्का म्हणाली, "लय जोरात दम टाकायलीय रे. गोळी बंद करू का?" मी म्हणालो, औषध लागू पडतंय. आणि आणखी दोन दिल्या.

चौथ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर उर्दूत बोलणारे. अक्का पोरीला घेऊन बाहेर ओसरीवर, आत टेबलापाशी मी. घरी काही औषध दिलं का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "जी नहीं." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच — अगदी सफाईनं. का? लाज वाटली. दुसरं काही नव्हतं.

त्यांनी छातीचा विकार ठरवला, तापाचं मिक्स्चर लिहून दिलं. चिठ्ठीवरचं त्यातल्या औषधाचं नाव पुढच्या वर्षी रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटलं — ॲस्पिरिनच्याच जातीचं.

बाहेर आलो तर अक्कानं विचारलं, "गोळ्यांचं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

मिक्स्चरचा डोस पाजला. दुपारी चंपाला झटके आले. ऊन उतरायच्या आत ती गेली.

गेल्या दिवाळीत अक्का शेजारणीला सांगत होती, "माझा भाऊ व्हता म्हणून डागदराला समदं सांगता तरी आलं. आमाला कुठं येती त्यांची बोली." मी समोरच जेवायला बसलो होतो. तिनं आणखी एक भाकरी वाढली. ती मी खाल्ली.