तुम्ही तेच कशावरून?

"कशावरून?" हा सरांचा आवडता शब्द. चहा गार झाला म्हटलं तरी कशावरून, आणि भाचीचं लग्न ठरलं म्हटलं तरी कशावरून. विचारताना मान तिरपी, चष्मा कपाळावर. समोरचा चिडला की सर खूश. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, पण तो फार तर नातेवाइकांना छळत असेल. आमच्या सरांनी हा उद्योग जगभर पसरवला होता.

कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे आणि मी कॉम्प्युटर. लॅबमध्ये इंटरनेट आलं तसे ते शेवटच्या तासानंतर माझ्याकडे येऊन बसायला लागले. तेव्हा न्यूजग्रुप नावाचा प्रकार होता. एका विषयाची आवड असलेली माणसं तिथे पत्रासारखा मजकूर टाकायची आणि सगळे तो वाचायचे. खातं नको, पासवर्ड नको. सर तिथे इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत शंका टाकायचे. गूळ करताना भेंडीच्या चिकानं रसातली मळी वर का येते? दूध उतू जातं तसं पाणी का जात नाही? खाली पूर्ण नाव आणि 'कसबा बावडा, कोल्हापूर'. सर जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे. त्यामुळे ऐन भरात आलेला वाद तसाच टाकून ते सायकलीवरून घरी पळायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे भांडायचे.

पुढे जाहिरातींनी तो ग्रुप इतका भरला की आमची माणसंच दिसेनात. मग मी या मंडळींसाठी वेबवर एक फोरम उघडला. सगळे आले, सर अडून बसले. लॉगिन करायचं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा.

"माझं नाव माझंच हाय. ते सांगायला कुलूप कशाला काढायचं, बाई?"

घराला तुम्ही कुलूप लावताच ना, असं मी विचारल्यावर त्यांनी कुरकुरत खातं उघडलं.

पासवर्ड त्यांनी चांगला अवघड घेतला. घोडं अडलं ते पुढे. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला फोरम एक प्रश्न विचारायचा: तुमची पहिली शाळा कोणती? मी त्यांना सांगितलं, इथे चक्क खोटं उत्तर द्या, कारण खरं उत्तर अख्ख्या बावड्याला पाठ आहे. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. शाळा विचारली तर शाळाच सांगणार, खोटं बोलायचं नाही हे आपण घरात शिकलोय, असं म्हणून त्यांनी खरं उत्तर भरलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थोड्याच दिवसांत त्यांनी त्याच फोरमवर शाळेच्या आठवणी लिहिल्या, शाळेच्या नावासकट. मी कपाळावर हात मारून घेतला.

व्हायचं ते झालं. सरांचा तिथला हक्काचा भांडखोर म्हणजे बेळगावचे एक निवृत्त बँक मॅनेजर. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं वाद घातला होता. एका सकाळी सरांच्या नावानं मॅनेजरांना उत्तर आलं होतं: 'तुमच्यासारख्या अडाण्याशी बोलण्यात मला वेळ घालवायचा नाही.' कुणीतरी त्या शाळेच्या नावावर आत शिरून पासवर्ड बदलला होता. कोण ते आजवर कळलेलं नाही, आणि माझी उत्सुकता अजून गेलेली नाही. मी खातं सोडवून सरांच्या हाती दिलं, तोवर मॅनेजर फोरम सोडून गेले होते.

संध्याकाळी सर म्हणाले, "मी न लिहिलेलं माझ्या नावाखाली दिसलं, बाई. आता माझ्या खऱ्या लिहिण्याला तरी काय किंमत?" फोरमवरून माफी मागून उपयोग नव्हता, कारण तीही त्याच नावानं गेली असती. मॅनेजरांचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. टिळकवाडीत राहतात आणि दारात कढीपत्ता आहे, एवढं त्यांच्याच लिहिण्यातून कळलेलं. रविवारी आम्ही एस.टी.नं बेळगाव गाठलं. मला यायची गरज नव्हती, पण हे पाहिल्याशिवाय मला राहवलं नसतं.

चार दारं चुकून पाचव्यात कढीपत्ता सापडला. सरांनी नाव सांगितलं, आणि ते उत्तर आपण लिहिलेलं नाही हेही. दारातल्या उंच, शिडशिडीत माणसानं विचारलं, "तुम्ही तेच कशावरून?"

सरांना हा प्रश्न कुणी विचारलेला मी प्रथमच पाहत होते. त्यांनी खिशातून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. मॅनेजरांनी ते हातातही घेतलं नाही.

"कार्डावर नाव असतंय. नाव त्या दिवशीपण होतंच की."

तरी लांबून आलेली माणसं म्हणून त्यांनी आत बसवलं. गुळाची कॉफी आली. सरांकडे न बघता मॅनेजर मला सांगू लागले, की गूळ कॉफी उतरवल्यावरच घालायचा, नाहीतर दूध नासतं.

"कशावरून?" सर म्हणाले. "सगळा गूळ सारखा न्हाय. आंबट असला तरच नासंल."

मग जे सुरू झालं त्यात कॉफी तशीच राहिली. मॅनेजरांनी स्वयंपाकघरातून दोन तऱ्हेचे गूळ मागवले, सरांनी दूध तापवायला लावलं. एक भांडं नासलं, एक नासलं नाही, आणि दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं. मग मॅनेजर एकदम हसायला लागले. म्हणाले, "तुम्हीच हो. माझ्या घरात बसून माझं दूध नासवणारा दुसरा कोण येणार?"

परतल्यावर सरांनी फोरमवरच्या शाळेच्या प्रश्नाचं उत्तर बदललं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, तेव्हा मी कारण विचारलं.

"उपवास हाय. यंत्राला सांगितलं म्हणून खोटं काय खरं होत न्हाय, बाई."

मला आधी हसू आलं, आणि मग या माणसाबद्दल फार माया वाटली. ती आजही वाटते.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांचं लिहिलेलं सगळं तसंच ठेवून मी त्यांचं खातं कायमचं बंद केलं, म्हणजे त्या नावाखाली पुन्हा कुणाला एक अक्षर लिहिता येऊ नये. बावड्यात सरांच्या घरच्यांना भेटून मॅनेजर माझ्याकडे आले. खातं नीट बंद झालंय ना, हे त्यांनी स्वतः बघितलं. मग सरांनी शेवटी टाकलेला प्रश्न उघडला: विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मॅनेजर माझ्या खुर्चीत बसून लिहू लागले. मला वाटलं, श्रद्धांजली असेल. वाकून पाहिलं तर सरांचा अंदाज कुठे चुकला त्याचे मुद्दे चालले होते.

मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तरी ते पडद्यासमोरच बसलेले. पाठवलं का, विचारलं. केव्हाच, म्हणाले.

"मग थांबलाय कशाला?"

"उत्तर यायचंय की," ते म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. त्या नावाखाली ते उत्तर कुणालाही देता येऊ नये, ही व्यवस्था मीच करून ठेवली होती.