दीर्घिकेवरचे डाग

फ्लेक्स उलगडला आणि प्रज्ञाचा चेहरा उतरला. पोस्टरवरच्या फोटोतली आमची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, कधी नव्हे इतकी गोरीगोमटी दिसत होती. तिच्याभोवतीच्या पुसट कमानी मात्र गायब होत्या. आणि प्रज्ञाचं सगळं काम त्या कमानींवरच होतं.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रज्ञा माझी विद्यार्थिनी, घोडेगावची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात हेच पोस्टर दाखवायचं होतं आणि त्यावर तिची पीएचडीची निवड ठरणार होती.

"मॅडम, फोटोवर लई डाग हुते," फ्लेक्सवाले सोमनाथभाऊ समाधानाने म्हणाले. "समदे काढले बघा."

वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांच्या सुरकुत्या काढून काढून भाऊंचा हात बसलेला. मी त्यांना समजावू लागले. थोरली दीर्घिका धाकटीला गिळते. धाकटी सरळ आत घुसली, तर तिचे तारे झोक्यासारखे इकडून तिकडे जातात. झोका टोकाला जरा रेंगाळतो, तसे तारेही वळताना रेंगाळतात आणि तिथे गर्दी होते. त्या गर्दीची कमान दिसते, तिला आम्ही कवच म्हणतो. धाकटी घिरट्या घालत आली, तर उसाच्या ट्रॉलीतून ऊस सांडावा तसे तारे मागे सांडत येते. तो तारकाप्रवाह. दोन्ही इतकं अंधूक, की डागच वाटावेत.

भाऊंनी मान डोलावली. पण मशीनवर एका पुढाऱ्याचे बॅनर लागले होते. ते थांबवून आमचं पोस्टर पुन्हा छापायची त्यांची हिंमत नव्हती.

मला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? प्रज्ञाने मूळ फोटोची रंगीत प्रिंट काढली आणि पोस्टरवर पुसलेल्या फोटोशेजारी चिकटवून टाकली.

पुण्यात परीक्षकांनी विचारलं, एकाच दीर्घिकेचे दोन फोटो का? मी मागेच उभी होते.

"सर, हिने शेजारणीला गिळलं," प्रज्ञा म्हणाली, "आणि आमच्या फ्लेक्सवाल्यांनी हिचं तोंड पुसलं."

परीक्षक हसले नाहीत. आपलं सॉफ्टवेअरही फोटोतून आकाशाचा उजेड वजा करताना हेच करतं, असं म्हणाले. मग त्या उजेडाबरोबर अंधूक तारे जाऊ नयेत म्हणून काय करशील, हेच खोदून खोदून विचारत बसले. प्रज्ञा त्याच कामात मुरलेली. तिची निवड झाली.

पेढे घेऊन आम्ही सोमनाथभाऊंकडे गेलो.

"मॅडम, आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "डाग ऱ्हाऊ द्या म्हननारं गिऱ्हाईक या दुकानात आजवर आलंच न्हाई."