डबा ओळखतो ती चावी

वर्कशॉपमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत यार. सीटखाली शेंगांची टरफलं साठतात ना, तसे साठतात. गाडी झाडली की निघतात. पुण्याला आलो की कट्ट्यावर तुम्ही विचारता, "तिकडे कोकणात काय करत होतास रे एवढा काळ?" तर ऐका.

दोन हजार पाचची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा ताजा होता. नवीन गाड्यांत तेव्हा डॅशबोर्डखाली एक काळा डबा यायला लागला होता आणि रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मला कंपनीने सांगितलं, सहा महिने जाऊन ये. मी म्हटलं, वा, समुद्र! समुद्र होताच. पण समुद्राशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

पहिल्याच दिवशी फोरमनना, म्हणजे दत्तामामांना, मी जोशात डबा समजावून सांगितला. पूर्वी कसं, बटण दाबलं की वायरीतून करंट सरळ दिव्याला. आता बटण फक्त डब्याला विचारतं. दिवे, वायपर, हॉर्न, काचा, दारांची लॉकं, सगळ्यांनी आधी डब्याला विचारायचं आणि डबा ठरवणार कोणाला काय द्यायचं ते.

मामांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मध्ये खोत बसवलान."

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये तीन दिवस मला जे कळलं नव्हतं ते एका वाक्यात! त्या दिवसापासून आख्ख्या वर्कशॉपमध्ये डब्याचं नाव खोत.

* * *

लांज्याचे एक हॉटेलवाले होते. पहाटे मिरकरवाड्याला बंदरावर आले, झकास सुरमई घेतली. रिमोटने गाडी उघडली, फक्त डिकी उघडली, मासे ठेवले, माशांशेजारी चावी ठेवली, दोन्ही हातांनी डिकी लावली. आणि कोणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून गप्पा मारत उभे राहिले.

आता खोताचा नियम असा, की रिमोटने उघडल्यावर अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडलं नाही (डिकी त्याच्या लेखी दार नव्हे), तर चुकून बटण दाबलं गेलं असं समजून तो सगळं परत लॉक करतो. केलंच त्याने! चावी आत, सुरमई आत, मालक बाहेर, आणि ऊन चढत चाललेलं.

आम्ही पोचेपर्यंत गाडीभोवती मांजरांची बैठक बसलेली. एक तर बॉनेटवर होती, अध्यक्ष असल्यासारखी. दार उघडलं आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरकलो. मालकांना मी नियम समजावून सांगितला. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मासे गेले ते गेले. पण लावायच्या आधी गाडीने एकदा विचारायला नको काय?"

* * *

माझी खोली माळनाक्याला होती. मालक मुंबईला, शेजारचं घर बंद, समोरचं घर बंद. फक्त गणपतीत उघडणारी घरं ती. मोबाईल होता, पण कॉलचे दर असे, की आईशी "जेवलास का, जेवलो" एवढ्यावर भागवायचं. मेसवाल्या काकूंचं बोलणं "वाढू काय?" पासून सुरू आणि "पुरे काय?" ला संपायचं.

मी किती बडबड्या, तुम्हाला माहीत आहे. एका रविवारी सहन होईना, तर वॉचमनकडून वर्कशॉप उघडून घेतलं आणि एका गाडीला टेस्टर लावून बसलो. टेस्टर म्हणजे डब्याशी बोलायचं यंत्र. वायर जोडली की थोडा वेळ शोधाशोध करतो आणि मग स्क्रीनवर इंग्रजीत येतं, संपर्क झाला. मी वायर काढली, परत जोडली. संपर्क झाला. परत काढली, परत जोडली.

वॉचमन दारात उभा होता. म्हणाला, "साहेब, बिघडली काय गाडी?"

"नाय हो. बरी आहे."

"मग तुम्ही?"

* * *

एक डॉक्टरीणबाई होत्या. एकट्या राहायच्या, दवाखाना आणि घर एकाच आवारात. त्यांची तक्रार अशी, की गाडी लॉक केली की मागचा वायपर एकदा फिरतो. फक्त एकदा. मी म्हटलं असं होणारच नाही. त्यांनी लॉक करून दाखवली. वायपर इकडून तिकडे गेला, परत आला, थांबला!

डबा उघडला तर आत लाल मुंग्या. गाडी आंब्याच्या कलमाखाली उभी असायची, तिथून उतरून त्यांनी खोताच्या घरात संसार मांडलेला, अंडीबिंडी घालून. मामा म्हणाले, "खोताकडे पावणे आलेत." सगळं साफ केलं, बाईंना गाडी दिली. आठवड्याने मी विचारायला फोन केला, आता ठीक आहे ना?

बाई म्हणाल्या, "अगदी ठीक आहे. पण काय आहे, दवाखान्यात शिरताना मागे वळून बघायची सवय लागली होती. टाटा केल्यासारखं करायची हो ती."

मी म्हटलं, मॅडम, वॉरंटीत बसत नाही.

* * *

आता दामले काका. खरा किस्सा यांचाच आहे, बाकीचे सगळे तोंडी लावायला.

काका ट्रेझरीतून रिटायर झालेले, काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेल्या. गणपती झाल्यावर त्यांचा फोन आला, गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये आहे, चालू होत नाही. गेलो तर बॅटरी ठार. गाडी तिथे आठ-नऊ दिवस उभी. मी म्हटलं, गावाला गेला होतात का? काका म्हणाले, "नाही. घरीच होतो." आणि पुढे काही बोललेच नाहीत. घर स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर!

परतताना मामांनी सांगितलं. काकांची मुलगी मुग्धा. याच गाडीवर चालवायला शिकली. तिला बंगलोरला नोकरी लागली आणि काकांनी एकटीने एवढ्या लांब जायचं नाही म्हणून हट्ट धरला. एका पहाटे तिने आपली बॅग टाकली, स्वतःच गाडी चालवत स्टेशनवर गेली, तिथे लावली, लॉक केली आणि गाडीत बसून निघून गेली. म्हणजे रेल्वेगाडीत. काका आतल्या खोलीत जागे होते, पण बाहेर आले नाहीत. मग दुसऱ्या चावीने त्यांनी गाडी घरी आणली. मुग्धाची चावी मुग्धाकडेच राहिली. दोन वर्षं झाली, बोलणं नाही.

"मग गाडी स्टेशनवर कशाला ठेवतात?"

"गणपतीत आली तर? उतरल्यावर तिला रिक्षा शोधायला लागू नये. चावी हाय ना तिच्याकडे."



बॅटरी का उतरली ते मी शोधलं. गाडी लॉक केली की थोड्या वेळाने डबा झोपतो, करंट खायचा थांबतो. इथे मागच्या दाराचं स्विच खाऱ्या हवेने गंजलेलं. डब्याला वाटायचं, दार अजून उघडंच आहे. मी काकांना म्हटलं, "कोणीतरी आत येतंय असं समजून ती जागीच राहते, म्हणून बॅटरी जाते."

काका म्हणाले, "मग त्यात बिघाड काय आहे?"

* * *

त्यानंतर काकांची चावी विहिरीत पडली. वाकून कळशी ओढताना खिशातून सरळ खाली. मामांनी दोराला लोहचुंबक बांधून सोडला. एक विळा निघाला, एक बादलीचा कान निघाला, कोणाच्या तरी आजोबांची कुलपाची किल्ली निघाली. गाडीची नाही.

तर आता नवीन चावी. इथे खोताचा सगळ्यात कडक नियम येतो. चावीत बारीकशी चिप असते आणि ओळख करून दिलेल्या चावीलाच डबा गाडी चालू करू देतो. नवीन चावीची ओळख करून द्यायची, तर गाडीच्या सगळ्या चाव्या त्याच बैठकीत दाखवाव्या लागतात. जी हजर नसेल, तिला तो विसरतो. कायमचा.

मी आपला उत्साहात सांगून मोकळा झालो, की काका, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्यांनी विचारलं, "मुग्धाची चावी?"

"ती बाद होईल. दार उघडेल, पण गाडी चालू नाही होणार."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "राहू दे मग."

"अहो पण गाडी अशीच उभी राहील."

"उभी राहील."

राहिली. पडवीशेजारी, ताडपत्रीखाली. काका बाजाराला चालत, बँकेत चालत, पेन्शनरांच्या मीटिंगला रिक्षाने. गुडघे दुखायचे त्यांचे, दिसायचं. मी दोनदा घरी जाऊन समजावलं. खरं तर तिथे कोणीतरी बोलायला होतं म्हणून गेलो. दोन्ही वेळा त्यांनी आमसुलाचं सार पाजलं, पुण्याच्या हवेची चौकशी केली आणि चावीचा विषय आला की म्हणाले, "तिला कधी यावंसं वाटलं आणि स्वतःच्याच घरची गाडी चालू नाही झाली, असं नको."

मामा म्हणाले, चल, सोड. म्हातारा हटणार नाय.

* * *

मला राहवेना. काकांनी गाडी घेतली तेव्हाच्या वर्कशॉपच्या कार्डावर मुग्धाचा मोबाईल नंबर होता, जुना. एसटीडी बूथवरून लावला आणि लागला!

मी नेहमीसारखा भडाभडा बोललो. वर्कशॉपमधून बोलतोय, चावी विहिरीत पडली, डब्याचा नियम असा, काका ऐकत नाहीत, गाडी पडून आहे, काका चालतात, गुडघे दुखतात. 

मग तिने विचारलं, "बाबांनी करायला सांगितला फोन?"

मी म्हटलं, नाही.

मग, "म्हणजे माझी चावी तिथे असली की काम होईल?"

"हो, हो, लगेच!"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार-पाच दिवसांनी वर्कशॉपच्या पत्त्यावर बंगलोरहून कुरियर आलं. मी तर नाचलो! गाडी टो करून आणली, बॅटरी चार्ज केली, काकांना बोलावून घेतलं. ते धुतलेला शर्ट घालून आले. मी पाकीट न फोडता तसंच ठेवलं होतं, त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते कडेकडेने, न फाडता उघडलं. आत कागदात गुंडाळलेली चावी. काकांनी कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला. कोरा होता. मग पाकिटात डोकावून बघितलं आणि बोट घालून आत फिरवलं.

"एवढंच आहे काय?"

"एवढंच लागतं काका," मी म्हटलं.

मग काय होऊन बसलंय ते मला कळायला लागलं. सगळ्या चाव्या आल्या होत्या. तिच्याकडे आता एकही नव्हती.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मी टेस्टरकडे. स्क्रीनने विचारलं, किती चाव्या? मी दोन टाकलं. मागवून ठेवलेली नवीन चावी घातली, डॅशबोर्डवरचा दिवा मिचमिचला, स्थिर झाला. मग मुग्धाची. मिचमिचला, स्थिर झाला. मी तिचीच फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू! वर्कशॉपच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका खिडकीशी उभे राहून इंजिनचा आवाज ऐकत राहिले. "बसा ना काका," मामा म्हणाले. ते बसले नाहीत.

"ती बंद कर," मला म्हणाले. "आणि ती चावी इकडे दे."

दिली. त्यांनी ती त्याच कोऱ्या कागदात गुंडाळायला घेतली, मग थांबले. कागद सपाट केला, बॉनेटवर ठेवला आणि माझ्या खिशातलं पेन मागितलं. टोक कागदावर टेकवलं, उचललं आणि पेन परत माझ्याकडे दिलं.

"पाठवणाऱ्याचा पत्ता आहे ना त्या पाकिटावर?"

"आहे."

"तिथेच परत पाठवायची. तू लिही."

"काय लिहू?"

इंजिन थंड होताना टिकटिक वाजत होतं.

"लिही," ते म्हणाले, "चावी चालते."