वई बांधायला दोन माणसं

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मराठीच्या सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक साधा शब्द दिला होता. तो घरात, गल्लीत, बाजारात कसकसा वापरतात ते ऐकून यायचं आणि वर्गात सांगायचं. शब्दकोश उघडायचा नाही. मला ‘कुंपण’ आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांनी सांगितलेलं काम मी जरा जास्तच मनावर घ्यायचे.

पहिली अडचण अशी की आमच्याकडे कुंपण कोणी म्हणतच नव्हतं. आम्ही म्हणायचो वई. बेलवलीला बिल्डिंगमध्ये राहणारी माझी आत्या म्हणायची कंपाउंड. कॉलेज होतं उल्हासनगरला, तिथे दुकानाला दुकान इतकं चिकटलेलं की मध्ये काही घालायला जागाच नव्हती. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “कुंपन तारेचा असतो. आपली शेतं कंपनीत गेली ना, तवा घातला तो. वई येगली. वई आपली.”

हे मला फार आवडलं. आणखी ऐकावं म्हणून मी शेजारी काकांकडे गेले.

काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. मोरिवलीत आमची आणि त्यांची घरं पाठीला पाठ लावून होती आणि दोन्ही परसांच्या मध्ये वई होती. शेतं गेल्यावर दोघांकडे उरलं होतं ते एवढं परसच. बोअरिंगचा हातपंप काकांच्या परसात होता. वईत एक माणूस हंडा घेऊन जाईल एवढी वाट ठेवलेली असे, आणि आमच्या घरचं सगळं पाणी त्या वाटेने येई. दर वर्षी वई नव्याने बांधताना ती वाट तेवढी सोडायची, असा रिवाज होता. कुठे लिहिलेलं काही नव्हतं.

काका ओट्यावर बसले होते. मी विचारलं, “काका, वई हा शब्द तुम्ही कशाकशाला वापरता?”

ते हसले. “वईला वई म्हनायची. आनखी काय म्हनायचा?”

“म्हणजे एखादी म्हण वगैरे?”

“कुंपनच शेत खातं,” ते म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचं हसू कमी झालं. “कोनी इचारायला सांगितला गं तुला, बाय?”

“सरांनी.”

“कुठलं सर? जागा मोजनारं काय?”

आतून काकी ओरडल्या, “गप बसा ओ! पोर शिकतेय.”

“शिकतेय म्हनूनच इचारतोय.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सर म्हणाले होते, जुन्या माणसांना जुनं विचारा. म्हणून मी विचारलं, “तुमच्या लहानपणी ही वई नेमकी कुठे होती?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून मागे, आमच्या घराच्या बाजूला पाहिलं. मग ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई रिकामा हंडा घेऊन परत आली. वईतल्या वाटेत बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली होती.

“काय बोललीस तू त्यांना?” आईने विचारलं. मी सगळं सांगितलं. बाबा चहा पीत होते. ते म्हणाले, “हिचा काय नाय. तो निमित्तच शोधत व्हता. रस्त्याकडं टेप लावून जागा मोजत व्हते ती बिल्डरची मानसं कोनाकडं चा पिऊन गेली? त्याच्याकडंच.”

तेव्हापासून आमच्या घरात पलीकडचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकला जाऊ लागला. काकांनी नुकताच मोबाइल घेतला होता. घरात रेंज नसल्यामुळे ते बोलायला परसाच्या टोकाला येत, अगदी वईला लागून. “बघ, हळू बोलतोय,” बाबा म्हणत. मोठ्याने बोलले तर म्हणत, “मुद्दाम ऐकवतोय.” मलाही तसंच वाटायला लागलं. पंपाचा दांडा वाजला की वाटायचं, आम्हाला ऐकू यावं म्हणूनच कोणी तो जोरजोरात हापसतंय. आई आणि मी बुवापाड्याच्या बाजूच्या नळावर जायचो. तिथे ओळखीच्या बायका विचारायच्या, “आज इकडं कशा?” आई म्हणायची, “पंप बिघडलाय.”

शिमगा झाला. वई बांधायचे दिवस आले. आमच्याकडे ती अशी बांधायची: उभे खांब तेच ठेवायचे, कुजलेला तेवढा नवा रोवायचा, त्यांना बांबूच्या कामट्या आडव्या लावायच्या आणि जागोजाग आवळायच्या. पूर्वी सुंभाने आवळत. आता कंपनीतल्या खोक्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळत. अलीकडच्याने पट्टीचं टोक आरपार घालायचं आणि म्हणायचं “घे”. पलीकडच्याने ते ओढून कामटीवरून फिरवायचं आणि अलीकडच्याने “दे” म्हटलं की परत घालायचं. एकट्याला वई बांधता येत नाही. दर वर्षी बाबा नुसती हाक मारत आणि काका पलीकडे उभे राहत.

या वर्षी बाबांनी हाक मारली नाही. कामट्या लावल्या, पट्टी घातली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, “तू जा पलीकडं.”

पलीकडे जायचं म्हणजे रस्त्याने वळसा घालून काकांच्या अंगणातून. मी गेले. काका ओट्यावरच होते.

“आता हिला मोजायला धाडला,” ते काकींना म्हणाले.

“काका, पट्टी घ्यायला कोणी नाही,” मी म्हणाले. मी तशीच परसात जाऊन वईपाशी उभी राहिले. बाबांनी “घे” म्हटलं, मी ओढलं. दोन-तीन गाठी झाल्या असतील.

तेवढ्यात मागून काका तरातरा आले. “हो बाजूला! दोन्ही अंगाला तुमचीच मानसं? मंग वई कुठं जाईल ते मला सकाळी कलंल!”

त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली. आधी सगळे खांब एका डोळ्याने रांगेत पाहिले. बाबाही पलीकडून तेच करत होते.

“दादा, तो तिसरा खांब तुझ्याकडून रेटलाय.”

“पाऊस गेल्यापासून तसाच हाय. तूच बघितला नाय.”

“मी रोज बघतो.”

“ते ठाऊक हाय मला.”

आणि तरीही “घे”, “दे” सुरू झालं. दर गाठीला बाबा कामटी हलवून पाहत, मग काका हलवून पाहत. असं करत ते वाटेच्या खांबाशी आले. काटेरी फांदी तिथे तशीच होती. तिच्यावरून कामटी आडवी घातली असती तर वाट कायमची बुजली असती. बाबांच्या हातात पुढची कामटी होती. ते काही मागणार नव्हते, हे मला त्यांच्या ताठ मानेवरून कळत होतं. आई दारात येऊन उभी होती. काकी पंपाशी उगाचच भांडी विसळत होत्या.

काका म्हणाले, “काय थांबलास? त्या पलीकडच्या खांबापासून लाव.”

बाबांनी मधली जागा सोडून कामटी पुढच्या खांबाला लावली. काकांनी फांदी बाजूला ओढली. फेकून मात्र दिली नाही. हात पुरेल अशी, आपल्या भिंतीला टेकवून ठेवली.

वर्गात मी सांगितलं की कुंपण एकट्याला घालता येतं आणि वईला दोन माणसं लागतात. सर म्हणाले, छान आहे, पण उदाहरणं आणखी हवीत. मी मान हलवली. आणखी उदाहरणं आणायला कोणाकडे जायची माझी तयारी नव्हती.

त्याच संध्याकाळी मी हंडा घेऊन वाटेतून गेले. पंप हापसत असताना काका मागे येऊन उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं.

“पानी ने, बाय,” ते म्हणाले. “इचारू नको काय.”