आठ बांध्यांचा खेळ

प्रोग्रामिंग शिकवणारा माझा पहिला मोबाइल गेम मी अर्जुनी मोरगावला मामीच्या हातात दिला. त्यात धानाच्या आठ बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं होती, उतारावर एकीखाली एक. 'पाणी सोड' आठदा लिहून कंटाळलेला माणूस, तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणारा 'लूप' शिकेल, अशी माझी खात्री.

मामीने फक्त सगळ्यात वरच्या बांधीत पाणी सोडलं आणि थांबली. गेमने लाल फुली दाखवली.

"काऊन चूक? वरची भरली का पाणी खाली उतरतेच. आठदा कायले जाऊ?"

इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठी वाढलेला मी, चांगलाच ओशाळलो. गेममधून पाणी काढून त्याजागी रोवणी, म्हणजे भाताची लावणी, घातली. दरवर्षी शेतात कंबर मोडून एकेक बांधी रोवणाऱ्या मामीने पहिल्याच झटक्यात लूप लावला.