दाखल्यासाठी ओढलेला बैल

पाटलाने माझ्या वस्तीला फसवलं. मला एकट्याला फसवलं असतं तर मी बघून घेतलं असतं. त्याने वस्तीला फसवलं.

चावडीच्या पायरीखाली मी उभा होतो. बी.ए.चं शेवटचं वर्ष. रहिवासाच्या दाखल्यावर पाटलाची सही झाली तरच सरकारची शिष्यवृत्ती, नाहीतर कॉलेज सुटणार. पाटलाने कागद माझ्या हातातून घेतला नाही. पायरीवर ठेवायला लावला, काठीच्या टोकाने स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "सही करतो. पण माझा बैल मेलाय. तो कोण वडणार?"

मेलेली ढोरं ओढणं आमच्या महारवाड्याने दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली होती. त्यापायी गावाने रानातलं काम बंद केलं, तरी कोणी मागे हटलं नाही. मला पुण्यात शिकायला ठेवलं तेही याच वस्तीने. रोज एका घराची पाळी. त्या घरची बाई पहाटे भाकरी करून फडक्यात बांधायची. चिंचवड स्टेशनवर हमाली करणारा आमचा एकजण ते फडकं पुण्याच्या गाडीने माझ्याकडे पोचवायचा. तीन वर्षं. एकदाही खाडा नाही.

मी चुलत्याला म्हणालो, बैलाला हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी सही घ्या. चुलता वस्तीतला वडीलधारा. त्याने मला गप्प केलं.

"चावडीवर दिलेला शब्द हाय. चावडीवर बसून पाटील खोटं बोलायचा न्हाई."

चुलता आणि आणखी चौघे. भर दुपारी, गावाच्या मधून. खांद्याला दोर, मागे मेलेला बैल. ओट्यावरून एकजण हसून म्हणाला, "काय गड्यांनो, शपथ सुटली वाटतं?" पाचांपैकी कोणी मान वर केली नाही. मला दोर धरू दिला नाही. तू शिकणारा हाईस, म्हणाले. मी मागून चालत राहिलो. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी चुलत्याबरोबर चावडीवर गेलो. कागद तिथेच. सहीची जागा कोरी. पाटील पान लावत होता.

"बैल वडणं तुमचं कामच हाय," तो म्हणाला. "त्याला सही कशाला लागती?"

चुलता हात जोडून वाकायला लागला. मी त्याचं मनगट धरलं. वाकू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी ती पायरी चढलो, कागद उचलला आणि म्हणालो, "तुमची सही नको. पण आजपासून तुमच्या दारचं एकही काम आमचं नाही."

शिष्यवृत्ती गेली. भाकरी थांबली नाही. वस्तीतल्या बाया रस्त्यावर खडी फोडायला गेल्या, माझी फी त्यांनी भरली. मी बी.ए. झालो.

आज पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांचं भंगार मी उचलतो. वस्तीतली सहा पोरं-पोरी कॉलेजात आहेत. त्यांचा एकही कागद मी कोणाच्या शब्दावर सोडत नाही.

परवा पाटलाची माणसं माझ्या गोदामात आली. गरीब विद्यार्थ्यांसाठी पाटलाच्या नावाने कॉलेज निघतंय म्हणे. छपराला पत्रे मागत होती. पाटील अजून आहे, ऐंशीच्या घरात. चुलता गेला. त्या पाचांतले दोघे जिवंत आहेत.

पत्र्यांचं नंतर बघू. पाटलाने माणसं पाठवू नयेत. स्वतः महारवाड्यात यावं. त्या दोघांसमोर उभं राहावं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं: शब्द दिला होता की नव्हता? दिला होता, तर मोडला का?